मास्तरांनी कमी बोलायचं

उल्हासनगरात स्पोकन इंग्लिशचा क्लास काढायला फारसं काही लागत नाही. दुकानावरचा एक गाळा, पांढरा बोर्ड, दहा-पंधरा खुर्च्या आणि रिक्षांच्या मागे चिकटवायला पत्रकं. शिकवायला उभा राहणारा बहुधा इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला असतो. बी.एड. असलाच तर त्याने सरावपाठ घेतलेले असतात आठवी-नववीच्या पोरांवर. समोर मात्र येऊन बसतात मोठी माणसं. कॅम्प ५ मधला जीन्सचा कटिंग मास्टर, अंबरनाथ एमआयडीसीतला सुपरवायझर, फर्निचरच्या दुकानाचे सिंधी शेठ आणि बदलापूरची एक आई, जिला मुलाच्या शाळेतल्या पॅरेंट्स मीटिंगमध्ये नुसती मान हलवून कंटाळा आलाय.

पोरांना दटावता येतं. पन्नाशीच्या शेठना 'गृहपाठ का नाही केला' असं विचारायचं कसं?

मोठ्यांना इंग्रजी शिकवण्याचं सुरुवातीचं प्रशिक्षण आज जगात ज्या पद्धतीने दिलं जातं, तिची बरीचशी घडण लंडनमध्ये झाली. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या जोडप्याने १९५३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबा इथे इंग्रजीची शाळा काढली. पुढे लंडनला त्यांचं इंटरनॅशनल हाउस उभं राहिलं आणि तिथे १९६२ मध्ये शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग सुरू झाला. केंब्रिजचा आजचा 'सेल्टा' हा अभ्यासक्रम त्याच घराण्यातला. किमान १२० तासांचं प्रशिक्षण, चार लेखी असाइनमेंट, अनुभवी शिक्षकांचे तास बघण्यात सहा तास आणि स्वतः शिकवण्यात सहा तास. हे शिकवणं खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर असतं. प्रशिक्षक मागे वही घेऊन बसतो आणि तास संपला की सगळ्यांदेखत बोलतो.

नवशिक्या शिक्षकाला पहिली टोचणी बसते ती त्याच्या बोलण्याबद्दल. आपल्याकडे चांगला मास्तर म्हणजे रंगवून बोलणारा मास्तर. पण हिशेब करून बघावा. ४५ मिनिटांच्या तासात मास्तर ३० मिनिटं बोलले, तर उरलेली १५ मिनिटं बारा जणांत वाटायची. प्रत्येकाच्या वाट्याला येतं सव्वा मिनिट. तीच १५ मिनिटं जोड्या लावून दिली, तर प्रत्येकाला सातेक मिनिटं तोंड उघडावं लागतं. फी बोलायला शिकण्याची घेतलेली असते, तेव्हा हा हिशेब गिऱ्हाइकाने विचारला तर उत्तर तयार असावं.

जोड्या लावणं मात्र सोपं नाही. शेठ आणि दुसऱ्याच्या कारखान्यातला का होईना, पण कारागीर शेजारी आले की कारागीर गप्प. अशा वेळी भूमिका उलटवाव्यात. कारागिराने व्हायचं दिल्लीचा खरेदीदार आणि शेठनी माल उशिरा का आला ते त्याला समजावायचं. चिडायचा हक्क हातात आला की कारागिराला शब्द सापडायला लागतात. तसे ते त्याच्याकडे असतातच. लॉट, पीस, लूप, रिजेक्ट, डिस्पॅच, पेमेंट हे तो दिवसभर बोलतो. अडतं ते क्रियापदापाशी, शब्द एकमेकांना जोडताना. वर्णमालेपासून सुरुवात करणाऱ्या मास्तरांना याचा पत्ताच नसतो.

प्रशिक्षणात पुढे बंदी येते ती 'समजलं का?' या प्रश्नावर. मोठा माणूस चारचौघांत 'नाही समजलं' म्हणत नाही. मग तपासायचं कसं? सुपरवायझर म्हणतो, "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." मराठीत आणि हिंदीतही आपण वर्तमानकाळच वापरतो, म्हणून ही चूक अगदी सरळ मनातून आलेली असते. शिक्षकाने काळांचा तक्ता काढला की वर्ग वहीत डोकं घालतो. त्यापेक्षा बोर्डवर एक आडवी रेघ मारून तिच्यावर दोन फुल्या काढाव्यात. एका फुलीखाली लिहावं 'पाच वर्षांपूर्वीची दिवाळी', दुसरीखाली 'आज'. मध्ये नागमोडी ओळ. मग छोटे प्रश्न: कामाला कधी लागलात? अजून तिथेच आहात? सोडलं का? उत्तरं आली की 'सिन्स' दिवाळीच्या फुलीवर लिहायचा, 'फॉर' नागमोडी ओळीवर आणि 'आय हॅव बीन वर्किंग' अख्ख्या वर्गाकडून तीन-चारदा मोठ्याने म्हणवून घ्यायचं. समजलं की नाही ते त्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच कळून गेलेलं असतं.

लंडनची पद्धत जशीच्या तशी इथे आणली की एका ठिकाणी अडते. तिथे एका वर्गात स्पॅनिश, जपानी, अरबी बोलणारे असू शकतात. सगळ्यांना समजेल अशी इंग्रजीच काय ती. उल्हासनगरच्या वर्गात सगळ्यांना हिंदी येते. ती दाराबाहेर ठेवणं म्हणजे उगाच सोवळं पाळणं. आमचा कौल असा: सूचना इंग्रजीतच द्याव्यात, कारण 'टॉक टू युवर पार्टनर' ही वर्गातली खरीखुरी गरजेची इंग्रजी असते. व्याकरणाची गाठ सोडवायला मात्र दोन वाक्यं हिंदी खुशाल वापरावी. सेल्टासारख्या वर्गांत प्रशिक्षक कधी कधी शिक्षकांनाच अनोळखी भाषेत एक तास शिकवतात, म्हणजे विद्यार्थ्याची तंतरते कशी ते अंगावर येतं. इथल्या मराठी शिक्षकांवर हा प्रयोग सिंधीतून करून भागणार नाही. 'तव्हांजो नालो छा आहे?' ऐकलं की तो 'आहे'च अर्धं काम करून टाकतो. तमिळ किंवा रशियन आणावी लागेल.

आणखी एक अडचण लंडनच्या वेळापत्रकात नाही, ती एमआयडीसीच्या आहे. सेकंड शिफ्ट लागली की संध्याकाळच्या बॅचमधला माणूस आठवडाभर गायब. कालच्या धड्यावर आजचा धडा रचला तर तो परत आल्यावर पाहुण्यासारखा बसतो. म्हणून इथला प्रत्येक तास स्वतःपुरता पूर्ण असायला हवा. आज फोनवरची तक्रार, परवा ड्रमवरचं धोक्याचं लेबल.

सेल्टाच्या चार असाइनमेंटपैकी एक असते शिकणाऱ्याच्या अभ्यासाची. त्याची मुलाखत घ्यायची, चुका टिपायच्या, उपाय सुचवायचा. ती या गावात फार मोलाची ठरावी. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली आणि त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी गल्ल्यावर बसून हिंदी-मराठी उचलली. आज उत्तर प्रदेशातून आलेला शिलाई कारागीर तेच करतो. तेव्हा मुलाखतीत 'इंग्रजी कुठवर शिकलात?' हा प्रश्न नंतर विचारावा. आधी विचारावं, 'मराठी कुठे शिकलात, कोणाशी बोलून, आणि चुकलात तेव्हा कोणी सुधारलं?' त्या उत्तरांतून पुढच्या आठवड्याची पाठटाचणं निघतात.