कणकण सांगू नकोस, आकडा सांग

खर्डा, ता. जामखेड
बुधवार, रात्री

चि. सौ. बायडीस,


काल फोनवर तू बोलत होतीस आणि मी शेंगा फोडत ऐकत होते. पहिली केमो पार पडली, उलट्या फार झाल्या नाहीत, लघवीला लाल झालं पण नर्सनं आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही, हे सगळं ऐकून बरं वाटलं. आणि मग हसत हसत सांगितलंस, "परवा रात्री जरा कणकण होती गं मावशी. एक क्रोसिन घेतली अन् झोपले. ह्यांना कशाला उठवायचं?" फोन ठेवल्यावर माझ्या हातापायांतलं त्राणच गेलं. लगेच उलटा फोन केला असता तर तोंडातून भलतंच गेलं असतं, म्हणून लिहायला बसले.

ताप किती होता? मोजलाच नाहीस ना? ठाऊक होतं मला.

आता नीट ऐक. केमोतलं ते लाल औषध भराभर वाढणाऱ्या पेशींच्या मागे लागतं. गाठीतल्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या अस्तरात आणि हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथल्याही तशाच. औषधाला आपलं-परकं कळत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांत केस हातात येतात, तोंड येतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. डोस दिल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत त्या सगळ्यात खाली असतात. तुझी कणकण नेमकी त्याच दिवसांतली! तेव्हा अंगात जंतू शिरला तर पू धरत नाही, सूज-लालीही धड दिसत नाही, कारण हे सगळं घडवणाऱ्या पेशीच जागेवर नसतात. ओरडून सांगायला उरतो तो एकटा ताप. आणि तू त्याचंच तोंड गोळीनं बंद केलंस.

१००.४ फॅरनहाइट. हा आकडा देवघराच्या भिंतीवर लिहून ठेव. तिथवर पारा गेला, की रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. अंगात हुडहुडी भरली तर पाऱ्याचीही वाट बघू नकोस. आत शिरताच पहिलं वाक्य, "माझी केमो चालू आहे आणि ताप आलाय." रांगेत गुमान बसायचं नाही. पेशी फार उतरलेल्या असल्या तर सलाईनमधून अँटिबायोटिक लवकरात लवकर जावं लागतं. उशिरानं माणूस हातचं जातं. घाबरवायला लिहीत नाही. खोटं कशाला बोलू, घाबरवायलाच लिहितेय.

थोरल्या काकूंचा विषय काढायचा नाही असं आपलं ठरलंय. नाही काढत.

मावशीचं थर्मामीटर-पुराण सुरू झालं, असं म्हणशील. झालंच. लग्नात तुला मी भांड्यांऐवजी काय दिलं होतं आणि तुझ्या सासूबाईंनी कसं नाक मुरडलं होतं, ते विसरले नाहीये मी. पण आम्ही जामखेडच्या मुशीत वाढलेल्या बायका. १९७० साली आरोळे डॉक्टर नवरा-बायको तिथं आले आणि त्यांनी गावोगावच्या, अक्षरओळखही नसलेल्या बायकांच्या हाती आरोग्याचं काम दिलं. त्यांतल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली थेट वॉशिंग्टनच्या सभेत बोलून आल्या. तिथल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की मोठे डॉक्टर असे असतात, देखणे पण महाग आणि आवाक्याबाहेरचे. आणि मग साधी वातीची पणती काढून दाखवली, जी कुणाच्याही घरात जळते आणि दुसरीला पेटवते. तुझ्या डॉक्टरांचं झुंबर पुण्यात लखलखतंय, छानच आहे. रात्री दोन वाजता उशाशी काय आहे, ते सांग.

माझं म्हणणं एवढंच नाही. आपल्याकडे बाईच्या दुखण्यावर घराचा विश्वास नसतो, आकड्यावर असतो. "कणकण आहे" म्हटलं की सगळे म्हणतात, पड जरा. "एकशे एक आहे" म्हटलं की गाडीची किल्ली शोधतात. आणि बाईचाही स्वतःवर कुठं विश्वास असतो? ती आधी भाकऱ्या थापते, मग कपाळाला हात लावून बघते. सोसते म्हणून तिचं कौतुक होतं आणि त्या कौतुकापायी ती आणखी सोसते. गाठ हाताला लागून किती दिवस गप्प होतीस, ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. पण केमोत हे चालत नाही. पुढचा डोस किती द्यायचा, पुढे ढकलायचा का, पेशी वाढवायचं इंजेक्शन द्यायचं का, हे सगळं डॉक्टर तू काय सांगतेस आणि रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो, त्यावर ठरवतात. तूच गप्प बसलीस तर ते बिचारे अर्ध्या माहितीवर चालणार.

उलटीच्या त्या रात्रीच्या गोळीनं दिवसभर पेंग येते म्हणालीस. "चालायचंच" म्हणालीस. का म्हणून चालायचं? पोरानं मला मोबाइलवर वाचून दाखवलं. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी उलटीवरच्या ओलान्झापिन गोळीचा १० मिलिग्रॅमचा आणि अडीच मिलिग्रॅमचा डोस ताडून पाहिला. उलट्या अडीचनंही तशाच आवरल्या आणि पेंग कमी आली. २०२४ साली ते लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत छापून आलं. त्यात तुझ्यासारखं लाल औषध घेणाऱ्या बायकाही होत्या. कुणीतरी त्यांना पेंग किती येते ते विचारलं, त्यांनी सांगितलं, कुणी लिहून घेतलं, तेव्हा हे कळलं. सगळ्या जणी "चालायचंच" म्हणाल्या असत्या तर? तुझी गोळी तीच आहे की दुसरी, किती मिलिग्रॅमची, ते डॉक्टरांना विचार. स्वतःच्या मनानं मात्र अर्धी करू नकोस.

बाकीचं झटपट सांगते. तोंड आलं तर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं गुळण्या कर आणि ब्रश मऊ घे. ठेचा बंद. खर्ड्याच्या पोरीला हे सांगणं जिवावर येतंय, पण बंद. मऊ भात, मुगाचं वरण, पुरतं उकडलेलं अंडं खा. गाड्यावरचं काही नको. उलटीच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेही लाजून दडवू नकोस. पेशींच्या इंजेक्शननं कंबर-मांड्या ठणकल्या तर घाबरू नकोस, पण सांग. शेजारणीनं दिलेली जडीबुटीची पुडी तुझ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडायची नाही. तिचा जीव चांगला आहे, पण पुडीत काय आहे ते तिला तरी कुठं माहीत?

आणि ते "तू खर्ड्याची, लढ" म्हणणारे दाजी! १७९५ ची लढाई आपल्या किल्ल्याशी झाली म्हणून आपण सगळे जन्मजात लढवय्ये, असा त्यांचा समज. त्याच किल्ल्यात निजाम कोंडून घेऊन बसला आणि शेवटी तह करून सुटला, हे त्यांना सांगू नकोस, वाईट वाटेल. तुला लढायचं नाहीये, बायडे. तुला बोलायचंय.

सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिही. वही जावईबापूंच्या हातात दे आणि त्यांना म्हणावं, मावशीनं सांगितलंय, रात्री उठवल्यावर कुरकुर करायची नाही. ते अजून बाहेरच्या खोलीतच झोपतात का? दाराची कडी आतून लावत जाऊ नकोस. दवाखान्याचा रात्रीचा नंबर त्यांच्या फोनमध्येही आहे ना, की तुझ्याच? आणि थर्मामीटरचा सेल संपला असेल, लग्नाला इतकी वर्षं झाली. उद्या नवा आणा.

तुझी,
मावशी

ता.क. पत्र पोचेपर्यंत मला धीर निघणार नाही. रोज संध्याकाळी सातला फोन करीन. "बरी आहे" म्हणायचं नाही. आधी आकडा, मग गप्पा.