कुरकुर आणि खडखड

मराठीच्या शालेय व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार शिकवले जातात आणि त्यांतला तिसरा, अनुकरणवाचक, बहुधा तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. कडकड, गडगड, खळखळ अशी उदाहरणे फळ्यावर लिहायची, मुलांनी ती हसत मोठ्याने म्हणायची, तोवर घंटा होते. सोस्यूरनेही या शब्दांना परिघावरच बसवले. त्याच्या व्याख्यानांचे पुस्तक १९१६ साली निघाले. शब्द आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, या त्यातल्या सिद्धान्ताला हे शब्द अडचणीचे. म्हणून ते थोडे आहेत आणि भाषाव्यवस्थेचे अंगभूत घटक नाहीत, असे त्याने सांगून टाकले. फ्रेंचपुरते ते खरे असेलही. मोल्सवर्थच्या कोशात मात्र 'क' पासून 'घ' पर्यंतची पाने नुसती चाळली तरी अशा शब्दांची रांग लागते. एमेनो यांनी तर १९६९ साली एक स्वतंत्र निबंध लिहून, हे शब्द भारतीय भाषांना कुळांच्या पलीकडे जोडणारे एक समान लक्षण आहे, असे दाखवले.

हे सारे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. परंतु या शब्दांवाचून एखादे काम अडू शकते, याची प्रचीती आम्हाला ग्रंथालयात आली नाही. ती आमच्या गाडीच्या मागच्या भागात, फळीला कान लावून पडल्यापडल्या आली.

आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही मराठीचे प्राध्यापक. महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ : दाभाड्यांचे, ढमढेऱ्यांचे, दशासर, आमचे श्यामजी पंतांचे, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले. नागपूर–अमरावती महामार्ग गावाला लागून जातो. इथूनच एक रस्ता आर्वीला फुटतो आणि दुसरा आष्टीवरून वरुडकडे, संत्र्यांच्या मुलखात. अशा तिठ्यावर राहणाऱ्याला प्रवासाची ओढ लागली तर त्यात नवल नाही. आम्हाला मात्र ती आईमुळे लागली. आई ऐंशीच्या घरातल्या. तासभर बसले की कंबर धरते, परक्या ठिकाणी झोप येत नाही, आणि तरीही मोझरी, रामटेक, माहूर ही नावे जिभेवरून जात नाहीत. तेव्हा आम्ही एक जुनी बारा आसनांची गाडी घेतली, मागची आसने काढून दोन बिछाने, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि फळ्यांची कपाटे बसवून घेतली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यांना 'कॅराव्हॅन' म्हटले. आमच्या गल्लीत मात्र तिला 'प्राध्यापकांचा टेम्पो' म्हणतात. त्यालाही हरकत घेता येत नाही. 'टेम्पो' हे मुळात हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचे नाव. १९५८ च्या सुमारास पुण्याच्या बजाज टेम्पोमार्फत ते आपल्याकडे आले आणि मराठीने त्याचे सामान्यनाम करून टाकले.

घर चाकांवर ठेवले की घरातली प्रत्येक वस्तू बोलू लागते. ओट्याखालची भांडी, बिजागऱ्या, खिडकीच्या काचा, बिछान्याच्या फळ्या, अर्धी भरलेली टाकी, सगळ्यांनाच काही ना काही सांगायचे असते. आमचे आम्ही ते सोसले असते; एस.टी.तून नोकरी केलेल्या माणसांचे कान तेवढे निबर असतात. अडचण आईंच्या श्रवणयंत्राची होती. वार्धक्यातल्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीतले ध्वनी जातात. म्हणजे स्वर राहतात आणि स, श, त, क यांसारखी व्यंजने विरतात. यंत्र हे ध्वनी उचलून देते, पण त्याबरोबर चमच्यांचा आवाजही उचलून देते. आई पहिल्याच प्रवासात स्वच्छ म्हणाल्या, "तुमचं बोलणं मला भांड्यांत सापडत नाही रे," आणि यंत्र काढून डबीत ठेवले. मोझरीपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. आम्ही पुढे बसून बोलत होतो आणि त्या मागे एकट्या होत्या. जिच्यासाठी गाडी केली, तिलाच त्या गाडीने संभाषणातून उठवून दिले होते.

महामार्गावरच्या एका मिस्त्रींकडे आम्ही गेलो. त्यांनी गाडीकडे पाहिलेही नाही. पान्याला फडके पुसत विचारले, "म्याडम, आवाज कसा येऊन राह्यला? कुरकुर का खडखड?" आम्ही म्हटले, "दोन्ही." त्यावर ते म्हणाले, "मंग दोन कामं हायेत. खडखड असन त आवळा. कुरकुर असन त आवळू नोका, आनखी बोंबलन."

या तीन वाक्यांत जो विवेक आहे तो समजून घेण्यासारखा आहे. खडखड होते ती मध्ये जागा असते म्हणून. दोन वस्तू एकमेकींपासून किंचित सुटलेल्या असतात; धक्का बसला की त्या आपटतात, दूर होतात, पुन्हा आपटतात. उपाय एकच, मधली पोकळी भरणे : स्क्रू आवळणे, रबराची चकती घालणे, ताटांमध्ये फडके ठेवणे. कुरकुरीचे कारण नेमके उलट. तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात. गाडी हलली की एक दुसऱ्याला चिकटून ओढला जातो, ताण साठतो, मग तो निसटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते आणि आपल्याला एकच लांब कुरकुर ऐकू येते. सारंगीचा गज तारेवरून फिरतो तेव्हाही हेच होते. वादक गजाला राळ लावतो ती ही पकड वाढावी म्हणून. आपण फळीच्या कडेला मेणबत्ती घासतो किंवा संगजिरे भुरभुरतो ते ती पकड सुटावी म्हणून. अशा जागी आवळले तर दाब वाढतो आणि कुरकुरही वाढते. तिथे हवे असते थोडे अंतर, नमद्याची एक पट्टी, जुन्या सायकल-ट्यूबचा तुकडा.

भाषेला हे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. तिजोरीत 'खडखडाट' असतो तो ती रिकामी असते म्हणून. 'कुरकुर' मात्र रिकामपणाची कधीच नसते. ती जवळ जवळ राहणाऱ्यांची असते, एका घरातल्या, एका कार्यालयातल्या माणसांची. रिकामेपण भरावे लागते आणि दाटीतला जाच सैल करावा लागतो. लक्षणा करणाऱ्या कोणा अनामिकाने बैलगाडीत बसून हा फरक ऐकला असणार.

मग आम्ही कामाला लागलो. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे पडून ऐकायचे आणि संशयित जागा हाताने दाबून धरायची; आवाज थांबला तर चोर सापडला. हे वाटते तितके सोपे नाही. पोलादातून ध्वनी सेकंदाला पाच हजार मीटरहून अधिक वेगाने धावतो, हवेतून साधारण तीनशे चाळीस. म्हणून दारापाशी सुटलेला पत्रा उशीखाली वाजल्यासारखा भासतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक फळीवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून आम्ही एकेक सांधा तपासला, अर्थात गाडी उभी करून आणि इंजिन चालू ठेवून. एक झाकण फक्त इंजिनाचे मिनिटाला अठराशे फेरे झाले की थरथरे, त्याच्या अलीकडे-पलीकडे गप्प. चार सिलिंडरांच्या इंजिनात त्या वेळी सेकंदाला साठ स्फोट होतात, आणि झाकणाचा स्वतःचा कंप त्याच्याशी जुळतो. याला पदार्थविज्ञानात अनुनाद म्हणतात. आनंदवर्धनाने नवव्या शतकात व्यंग्यार्थासाठी घंटेच्या अनुरणनाची उपमा दिली, ती शिकवताना आता आम्हाला ते झाकण आठवते.

प्रत्येक आवाजाला त्याचे नाव मिळाले तेव्हा यादी आपोआप तयार झाली. 'खुळखुळ' म्हणजे बंद पोकळीत काही सुटे पडले आहे : फळीमागे राहिलेला एक वॉशर. 'डचमळ' म्हणजे अर्धी टाकी. तिच्यात आडवे पडदे हवेत, नाहीतर ती भरलेली तरी ठेवावी किंवा रिकामी तरी. 'डबडब' म्हणजे छताचा मोठा सपाट पत्रा. त्याला आतून डांबरी चिकट पट्टे लावले. 'टकटक' म्हणजे बिजागरीचा झिजलेला खिळा. फळीतले स्क्रू कंपाने सुटतात, म्हणून महत्त्वाच्या जागी आरपार बोल्ट आणि आत नायलॉनचे कडे असलेल्या नटा बसवल्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा प्लास्टिक पसरते आणि नव्या जागा कुरकुरू लागतात. पावसाळ्यात प्लायवूड फुगते आणि काही जुन्या जागा गप्प होतात. ऋतूंप्रमाणे यादी बदलत राहते.

सगळेच आवाज मारायचे नव्हते. पुष्कळ गाड्यांच्या ब्रेकमध्ये धातूची एक बारीक पट्टी मुद्दाम ठेवलेली असते. ब्रेक झिजला की ती चाकतीला घासून किंचाळते. चाकाच्या बेअरिंगची 'घरघर' हीदेखील वेळीच ऐकू यायला हवी. कोणता आवाज नुसता गोंगाट आणि कोणता निरोप, एवढे निवडता आले म्हणजे काम झाले. समीक्षेच्या तासाला आम्ही याहून वेगळे काय शिकवतो?

दिवाळीच्या सुटीत पुन्हा मोझरीचा रस्ता धरला. तिवसा येण्याआधी आईंनी डबीतून यंत्र काढून कानाला लावले. थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांच्या माहेरच्या दमणीची गोष्ट निघाली : आसाखाली बांबूचे नळकांडे टांगलेले असे, त्यात वंगण, चाक करकरू लागले की त्यांचे वडील बैल थांबवून खाली उतरत, आणि तेवढ्या वेळात मुली रस्त्याकडेच्या चिंचा वेचून घेत. म्हणून मुलींना चाक करकरायला हवे असे. ही गोष्ट त्यांच्या मुलानेही कधी ऐकली नव्हती. पुढच्या आसनावरून आम्ही प्रश्न विचारत होतो आणि त्या मागून उत्तरे देत होत्या, 'वंगण' मधला 'व' आणि 'चाक' मधला 'क' आम्हा तिघांनाही नीट ऐकू येत होता. उजव्या कपाटात कुठेतरी अजून एक टिकटिक आहे. ती शोधायची आहे.