झालं की झालं आहे?

मराठी माध्यमाच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आमच्या वेळी मुलांना इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून सुरू झालं ते 2000 साली, तोवर माझी बहुतेक नोकरी होऊन गेली होती. स्पेलिंगं, कर्तरी-कर्मणी, सगळं घोकून व्हायचं. एकच गोष्ट घोकून होत नसे. 'आय सॉ' कुठे म्हणायचं आणि 'आय हॅव सीन' कुठे.

मुलं हमखास लिहायची, "माय अंकल हॅज कम यस्टरडे." त्यांचा तरी काय दोष? "मामा कालच आलाय" हे अगदी चोख मराठी आहे. आपल्या 'आहे'ला 'काल'चं वावडं नाही. इंग्रजीत मात्र 'काल', 'गेल्या वर्षी', '1998 साली' असं काही आलं की 'हॅव'ला दार बंद. शेजारची मुलगी मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकते. ती म्हणाली, "आजी, जर्मनमध्येही असंच 'हॅव'वालं रूप आहे, पण त्याच्यासोबत 'काल' खुशाल चालतो." म्हणजे सोवळं काय ते इंग्रजीचंच!

आणि आपला साधा भूतकाळ तर विचारूच नका. खालून हाक आली की आपण वरून ओरडतो, "आलेच!" अजून चपला सापडलेल्या नसतात. बस लांब चौकात दिसली तरी "आली, आली!"

वर्गात मी 'धिस मॉर्निंग'चं उदाहरण द्यायचे. "आय हॅव हॅड टी धिस मॉर्निंग" हे बारा वाजेपर्यंतच. दुपार झाली की "आय हॅड टी". चहा तोच, कप तोच, पण सकाळ संपली. एकाने विचारलं होतं, "बाई, मग मधल्या सुट्टीनंतर वाक्य बदलायचं?" हो रे बाबा, बदलायचं.

दुसरा नियम जरा कडक. ज्याच्याबद्दल असं 'हॅज' लावून बोलायचं, तो माणूस हयात हवा. महर्षी कर्वे 104 वर्षं जगले, 1962 साली गेले. त्यांच्याबद्दल "कर्वे हॅज लिव्हड इन पुणे" चालत नाही, "लिव्हड" म्हणायचं. पण "पुणे हॅज सीन मेनी रिफॉर्मर्स" चालतं, कारण पुणं आहे अजून जागेवर (खड्ड्यांसकट). मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे माणूस गेला की 'हॅज' पण गेला!" वर्ग हसला, मीही हसले, आणि फळा पुसून पुढच्या धड्याकडे वळले.

माझा नातू न्यू जर्सीला असतो. त्याचं इंग्रजी वेगळंच. फोनवर विचारतो, "डिड यू ईट यट, आजी?" आमच्या पुस्तकात "हॅव यू ईटन?" होतं, त्यामुळे लाल पेन शोधायला हात शिवशिवतो. पण अमेरिकेत ते बरोबरच धरतात. आणि खरं सांगू? आपल्या "जेवलीस का?"च्या ते जास्त जवळचं आहे.

तर गेल्या वर्षी त्याने शाळेसाठी आजी-आजोबांवर निबंध लिहिला. लेकीने मला तपासायला पाठवला. पहिलंच वाक्य होतं, "माय ग्रँडपेरेंट्स हॅव बीन मॅरिड फॉर फॉर्टी-एट इयर्स."

आमचं लग्न 1974 चं. हे गेले 2022 साली. आकडा त्याने बरोबर काढला होता.

मराठीत हा प्रश्नच येत नाही. "आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली," असं मी आजही म्हणते, आणि दर मे महिन्यात मनातला आकडा एकाने पुढे सरकतो. 'झाली' म्हटलं की झालं. चालू आहे की थांबलं, हे ते क्रियापद विचारत नाही. इंग्रजी विचारतं. 'हॅव बीन' की 'वेअर', एक काय ते सांगा.

बाकीचा निबंध तपासून झाला, दोन स्पेलिंगं सुधारली, एक स्वल्पविराम घातला. मग वर येऊन 'हॅव बीन' खोडलं आणि 'वेअर' लिहिलं.

रात्री त्याचा फोन. "आजी, यू चेंज्ड माय फर्स्ट सेंटेन्स. तू आता मॅरिड नाहीस का?"

मी त्याला कर्व्यांचं उदाहरण सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि 'आजी हॅज लिव्हड इन पुणे ऑल हर लाइफ', ते?"

"ते बरोबर आहे," म्हटलं. "ते राहू दे."