डोक्यावर २५,००० व्होल्ट!

आमचं गोंदिया म्हणजे जंक्शन. जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा वीजप्रकल्प आणि स्टेशनवर डोक्यावरून जाणारी २५ किलोव्होल्टची तार! विजेच्या बाबतीत आम्ही श्रीमंतच म्हणायचे.

पण त्याच स्टेशनबाहेर ई-रिक्षा चालवणारे आमच्या शेजारचे काका दुपारी तीनलाच घरी परततात. बॅटरी बसते! संध्याकाळच्या सवाऱ्या हातच्या जातात. एकदा ते म्हणाले, "बेटा, तू इंजिनीअर होऊन राह्यली ना? मंग त्या तारेतली करंट आमाले काऊन नाही भेटत?" मी पडले कॉन्व्हेंटवाली, मराठीत पटकन उत्तर सुचेना. मग सरळ वही घेऊन बसले.

हिशोब असा. डब्ल्यूएपी-७ इंजिनाची ताकद ६३५० अश्वशक्ती, म्हणजे साधारण ४.७ मेगावॅट. रिक्षात १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या, म्हणजे ४.८ युनिट. चार्जर एक किलोवॅटचा धरला, तर एका इंजिनाच्या विजेवर साडेचार हजार रिक्षा एकदम चार्ज होतील! शिवाय गाडी पुढे गेली की सबस्टेशनवरचा भार उतरतो. अशी इंजिनं ब्रेक लावताना वीज तारेत परतही पाठवतात. नागपूर मेट्रोही २५ किलोव्होल्टवरच धावते, म्हणजे हा विचार तिथेही लागू.

मग अडतं कुठे? तारेला प्लग लावता येत नाही ना! ट्रान्सफॉर्मर हवा, एसीचं डीसी करणारा कन्व्हर्टर हवा, वेगळं मीटर हवं. आणि पहिला हक्क गाडीचा. म्हणून चार्जर 'समजूतदार' पाहिजे : गाडीने जोर लावला की याने हात आखडता घ्यायचा, गाडी गेली की मोकळा सोडायचा. कायद्याचा एक अडसर तर दूर झालाय. चार्जिंग स्टेशनला वीजविक्रीचं लायसन्स लागत नाही, हे ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं.

आता प्रश्न उरतो, आधी कोणाला? नागपूरला अप-डाऊन करणाऱ्यांच्या गाड्या दिवसभर पार्किंगमध्ये उभ्याच असतात, त्या सावकाश चार्ज झाल्या तरी चालेल. रिक्षावाल्याला मात्र जेवणाच्या तासाभरात एक युनिट मिळालं, तरी बॅटरीचा पाचवा हिस्सा भरतो आणि संध्याकाळ वाचते.

तेव्हा इलेक्ट्रिकलवाल्या मित्रांनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधताय? हा घ्या! फक्त डिझाइनमध्ये पहिला पॉइंट रिक्षा स्टँडवर दाखवा, व्हीआयपी पार्किंगमध्ये नको.