ओंजळीतला समुद्र

मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून ओंजळ भरून घ्यावी. तिच्यात समुद्राचं काय काय येतं? खारटपणा पुरेपूर येतो. किलोभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ, समुद्रात तेवढंच, ओंजळीतही तेवढंच. ऊब येते. घनता येते. मागे उरतं ते वजन, आकारमान आणि पोटात साठलेली अफाट ऊर्जा. समुद्राचा स्वभाव हाती लागतो, त्याची संपत्ती तिथंच राहते.

ऊष्मागतिकी पदार्थांच्या गुणांची अशीच वाटणी करते. दोन ओंजळी एकत्र केल्या की वस्तुमान वाढतं, आकारमान वाढतं; पण तीस अंशांत तीस अंश ओतून साठ होत नाहीत. बेरजेत वाढणारे गुण एक्स्टेन्सिव्ह, न वाढणारे इंटेन्सिव्ह. ही नावं रिचर्ड टोलमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1917 मध्ये वापरली. आणि गंमत अशी, की वाढणाऱ्या दोन राशींना एकमेकींनी भागलं की न वाढणारा गुण हाती येतो. वस्तुमानाला आकारमानानं भागा, घनता मिळते.

फरक मात्र नावांच्या कितीतरी आधी उमगला होता. अठराव्या शतकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकनं वितळणाऱ्या बर्फाकडे नीट पाहिलं. खोलीतली उष्णता बर्फात शिरत राहते आणि सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमापकातला पारा गोठणबिंदूवरच थांबतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 334 ज्यूल लागतात, तापमान तसूभरही न वाढता. पदार्थात उष्णता किती शिरली आणि पदार्थ किती तापला, हे दोन प्रश्न ब्लॅकनं वेगळे केले. हजारो वर्षं चुलीपाशी बसलेल्या माणसाला हे इतक्या उशिरा कळावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

लोहाराच्या भट्टीतला लालबुंद खिळा समुद्रात टाका. समुद्राजवळची ऊर्जा खिळ्याच्या अब्जावधी पटींनी जास्त, तरी उष्णता खिळ्याकडूनच समुद्राकडे जाते. कुणापाशी साठा किती, हे ती विचारत नाही. तापमान कुणाचं चढं, एवढंच पाहते. दिशा तापमान ठरवतं. पण ती उष्णता किती वेळ पुरेल, हे साठ्यावर अवलंबून. चर्र असा आवाज होतो आणि खिळा संपतो.

साठ्याचं बळ पाहायचं तर पुन्हा समुद्राकडेच वळावं लागतं. सगळ्या वातावरणाची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता समुद्राच्या वरच्या जेमतेम अडीच मीटर थरात सामावते. चक्रीवादळ पोसायला पृष्ठभागाचं तापमान साधारण साडेसव्वीस अंशांवर असावं लागतं, पण तेवढ्यानं भागत नाही. वादळाचा वारा पाणी घुसळतो, खालचं गार पाणी वर येतं. कोमट थर पातळ असेल तर वादळाची शिदोरी तिथंच सरते. तो खोल असेल तर घुसळूनही कोमट पाणीच वर येत राहतं आणि वादळाला बळ मिळतं. म्हणून हवामानशास्त्रज्ञ पृष्ठभागाच्या तापमानासोबत खालच्या थरांतला उष्णतेचा साठाही मोजतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. तेव्हापासून आपल्या किनाऱ्याला हा हिशेब परका राहिलेला नाही.

अरबी समुद्र तापल्याची बातमी वाचाल, तेव्हा किती अंश एवढ्यावर थांबू नका. किती खोलपर्यंत, हेही विचारा.