तृणपादुका

स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असे प्रथम मनात आले. तो इतर मान्यवर घेतीलच. मी इतिहासाचा शिक्षक. एका तासाची आठवण तेवढी नोंदवितो. त्या तासाला मी शिकविले थोडे आणि शिकलो अधिक.

बऱ्याच वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला इतिहासाची साधने कशी तपासावीत, हे सांगत होतो. एकच कथा अनेकांनी सांगितली की तिचा नायक कसा पालटतो, हे दाखविण्यासाठी रामकथा निवडली. या निवडीमागे घरची एक सलही होती. दीक्षेपूर्वीच्या काळात माझी आजी गावातली श्रावणातली पोथी देवळाबाहेर, दूर बसून ऐकत असे. पुढे घरात बावीस प्रतिज्ञा आल्या आणि ते दूर बसणे संपले.

फळ्यावर चार रकाने आखले. पहिला वाल्मीकी रामायणातील उत्तरकांडाचा. तेथे तप करणाऱ्या शंबूकाला राम त्याची जात विचारतो. तो खरे ते सांगतो आणि बोलणे संपते न संपते तोच त्याचे मस्तक उडविले जाते. दुसरा विमलसूरीच्या ‘पउमचरियं’चा. या जैन कथेत रावणाचा वध राम करीत नाही, लक्ष्मण करतो. शंबूक हा रावणाचा भाचा असून लक्ष्मणाच्या हातून तो अजाणता मरतो. तिसरा भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा. तेथील राम शंबूकावर शस्त्र उचलताना स्वतःच्या उजव्या हातालाच कठोर बोल सुनावतो. नाटककाराला तो वध पचलेला नाही, हे उघड दिसते. चौथा एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’चा, तेथे राम साक्षात परब्रह्म. शेवटी, बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडलेला मुद्दा सांगितला: शंबूकाचा वध ही एका राजाची लहर नव्हे; चातुर्वर्ण्य दंडावाचून टिकूच शकत नाही.

तास रंगला होता. इतक्यात मागच्या बाकावरचा, खालापूरकडच्या एका कातकरी वाडीतला मुलगा उभा राहिला. “सर, आमची आजी सांगते, आमचे वाडवडील रामाच्या वानरसेनेत होते...”

वर्ग खो खो हसला. कातकरी समाजातील ही परंपरा जुनी आहे, इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही ती नोंदलेली आहे, हे मला ठाऊक होते. तेवढे सांगितले असते तरी हसू थांबले असते. मी त्याऐवजी म्हणालो, “मग लंका जिंकल्यावर तुम्हांला काय मिळालं रे? पुन्हा जंगलच ना?” वाक्य टाळीचे होते, टाळी मिळालीही. मुलगा खाली बसला. त्या वर्षात त्याचा हात पुन्हा वर झाला नाही.

दशरथ जातक मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले होते. रात्री वसतिगृहाच्या खोलीत ते पुन्हा वाचायला घेतले. त्यात लंका नाही, रावण नाही. दशरथ वाराणसीचा राजा. रामपंडित, लक्ष्मण आणि त्यांची बहीण सीता बारा वर्षांसाठी हिमालयात जातात. नवव्या वर्षी पिता वारल्याची वार्ता घेऊन भरत येतो. इतर शोकाने मूर्च्छित होतात. रामपंडित रडत नाही, अनित्यता समजावून सांगतो. मुदतीपूर्वी परतायला तो नकार देतो आणि आपल्या गवताच्या पादुका पाठवितो. त्या सिंहासनावर ठेवून अमात्य न्यायनिवाडा करतात. निवाडा चुकला की पादुका एकमेकींवर आपटतात. मग खटला पुन्हा ऐकायचा. निवाडा योग्य झाला की त्या निश्चल राहतात.

तेथे मी थांबलो. दिवसा शंबूकाची बाजू मांडणाऱ्या मीच एका मुलाचे बोलणे पुरे होण्याआधी निकाल देऊन टाकला होता. आजीला देवळाबाहेर बसविणाऱ्यांवरचा माझा राग खरा होता. पण तो मी दुसऱ्या एका आजीच्या कथेवर काढला होता.

सकाळच्या वंदनेनंतर त्याला गाठले. म्हणालो, “काल माझं चुकलं. आजीची गोष्ट पुरी सांग.” तो पायाच्या अंगठ्याने माती उकरीत राहिला. मग म्हणाला, “आता आठवत नाही, सर.”

माझी भूमिका बदललेली नाही. रामाला देव मानणार नाही, ही प्रतिज्ञा मला आजही तितकीच प्रमाण आहे, आणि शंबूकाचा प्रश्न मी दरवर्षी तितक्याच स्पष्टपणे मांडतो. मात्र तेव्हापासून फळ्यावर पाच रकाने आखतो. पाचव्यावर लिहितो : ‘तुमच्या घरी काय सांगतात?’ तो रकाना मुलेच भरतात. कर्जतच्या ठाकूरवाडीतली, खालापूरच्या कातकरवाडीतली, आपल्या बौद्धवाड्यांतली. शेवटचे मूल बोलून होईपर्यंत मी खडू खाली ठेवतो.

तो मुलगा आता बाप्या माणूस झाला असेल. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली आणि आजीची गोष्ट आठवली, तर त्याने एकदा वर्गात यावे. तास त्याने घ्यावा. मी मागच्या बाकावर बसेन.

जय भीम. नमो बुद्धाय.