टाच जमिनीला टेकावी म्हणून

इचलकरंजीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. त्या आवाजातच एका घरी रोज संध्याकाळी आई आपल्या आठ वर्षांच्या मुलाचा पाय मांडीवर घेते. एका हाताने टाच धरून दुसऱ्या हाताने पाऊल हळूहळू वर वळवते आणि तीस आकडे मोजते.

चौथ्या वर्षी हा मुलगा वारंवार पडू लागला. जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकू लागला. पोटऱ्या मात्र भरदार दिसत. त्यामुळे घरच्यांना तो सुदृढच वाटे. तपासणीअंती ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे निदान झाले. स्नायूंना आधार देणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या आजारात तयार होत नाही आणि स्नायू क्रमाक्रमाने झिजत जातात. जनुकातील दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने तो प्रामुख्याने मुलग्यांना होतो. ‘आईकडून आले’ हे शब्द घरात उच्चारले गेलेच. वस्तुतः सुमारे एकतृतीयांश मुलांत हा दोष नव्याने उद्भवतो. आणि जिथे तो आईकडून येतो, तिथेही तिचा अपराध काहीच नसतो.

वडिलांनी मात्र हार मानली नव्हती. अंगात बळ यावे म्हणून ते मुलाला रोज जिने चढउतार करायला लावत. फिजिओथेरपिस्टने ते थांबवायला सांगितले. अशा श्रमांनी, विशेषतः जिना उतरताना, दुबळे स्नायू अधिकच दुखावतात. हे ऐकून वडील बराच वेळ खाली मान घालून बसले. मग त्यांनी विचारले, “म्हणजे आता काहीच करायचे नाही?”

“पुष्कळ करायचे आहे,” उत्तर आले. “गेलेली ताकद व्यायामाने परतणार नाही, पण सांधे आखडू न देणे तुमच्या हाती आहे.”

त्या दिवसापासून कामे वाटली गेली. ताण देण्याचे व्यायाम आईकडे, रात्री पायांना स्प्लिंट बांधणे वडिलांकडे, ताठ बसण्याची आठवण आजीकडे. पुढे श्वासाचे व्यायाम येतील, चाकांची खुर्चीही येईल. ती पराभव नव्हे, शाळेत जाण्याचे साधन होय. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्राचे कामही वडिलांनी हाती घेतले आहे.

‘बरा होईल का?’ हा प्रश्न घरातून गेलेला नाही. पण संध्याकाळ झाली, की त्याच्याआधी दुसरे काम उभे राहते. तीस आकडे पुरे होतात आणि मुलगा न सांगता दुसरा पाय पुढे करतो.